गाव नेटवर टाकलं तेव्हा

लोकांची दुकानं नेटवर टाकायचा उद्योग अंगावर घेतला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते काउंटरवर येऊन भांडतात. दोन हजार नऊ साली आयटी पार्कलगतच्या माण गावात माझा सायबर कॅफे होता. मंदी आलेली, आयटीतली पोरं खोल्या सोडून चाललेली. नवऱ्यानं माझ्या डोक्यात भरवलं, की नाव, पत्ता, फोन नेटवरच्या यादीत आणि नकाशावर टाकला की गिऱ्हाईक शोधत येतं. मी गावभर तेच सांगत सुटले. मला कुणी सांगितलं होतं?

जिवाला खरा घोर नानांचा. नाना माझे घरमालक. उरलेल्या शेतात त्यांनी भाड्यासाठी खोल्या बांधल्या आणि त्या रिकाम्या पडल्या. मुलगा म्हणाला, दिवाळीपर्यंत भरल्या नाहीत तर सगळं विकून पिंपरीला फ्लॅटमध्ये जायचं. नानांना गाव सोडायचं नव्हतं. मी त्यांच्या खोल्या यादीत टाकल्या आणि छातीठोकपणे म्हणाले, नाना, फोन येतील. त्या दिवसापासून झोप माझी उडाली.

*

भीमाजी धनगराच्या बकऱ्या मी यादीत टाकल्या. बकऱ्यांसाठी वेगळा प्रकारच नव्हता, म्हणून त्यातल्या त्यात जवळचं 'पेट शॉप' निवडलं. रविवारी सूसच्या सोसायटीतून एक गाडी आली. नवरा, बायको, छोटी मुलगी. मुलीनं काळं करडू छातीशी धरलं, लगेच त्याचं बारसंही केलं. भीमाजीनं कौतुकानं विचारलं, "अख्खं नेताय का तुकडं करून देऊ?"

त्यानंतर आठवडाभर मी त्याच्या वस्तीकडची वाट टाळली.

*

सुमनकाकूंची खानावळ. यादीत लोक आपलं मतही लिहितात हे मी त्यांना सांगायला नको होतं. पहिलंच मत आलं, 'आमटी खारट असते, पण बोलायची सोय नाही.' काकूंचा जीव टांगणीला. वाढताना एकेकाचं तोंड न्याहाळायच्या. पोरं घाबरून आमटी दोनदा मागायला लागली.

शेवटी काकूंनी माझ्या कॅफेत येऊन ठाण मांडलं. "नाव सांग त्याचं, न्हाईतर हितनं उठत न्हाई."

नाव मला माहीत होतं. त्यांचे यजमानच माझ्या कॅफेत बसून ते लिहून गेले होते. मी आपली प्रिंटरमध्ये कागद भरत राहिले.

*

आणि नाना. रोज सकाळी यायचे आणि माझ्या फोनवरून स्वतःच्या मोबाइलला फोन लावायचे. खिशात वाजला की म्हणायचे, "वाजतोय की." मग कुणाचा येत का नाही, हे मात्र विचारायचे नाहीत. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. गोठ्याकडे रेंज नाही म्हणून तिकडं जाणंही त्यांनी बंद केलं.

एकदा म्हणाले, माझ्या खोल्या नेटवर कशा दिसतात बघू. मी उपग्रहानं वरून काढलेल्या फोटोचा नकाशा उघडला. फोटो जुना होता, त्यात खोल्या नव्हत्याच. हिरवं शेत, विहीर, आणि बांधकामाच्या वेळी तोडलेला आंबा. नानांनी खुर्ची पुढं ओढली. मी म्हणाले, नवा फोटो येईल लवकरच. ते म्हणाले, "घाई न्हाई." मग रोज तेवढंच बघायला यायला लागले. मीही लावून द्यायचे.

दिवाळी तोंडावर आली. नाना असेच काँप्युटरसमोर बसलेले, आणि मोबाइल वाजला. मी धावत जाऊन स्पीकर लावला. कुठल्याशा कंपनीतली बाई होती. नवी भरती झालीय, सगळ्याच खोल्या हव्यात, वर्षभरासाठी. नानांनी भाडं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, पार्किंगचं सांगितलं, सगळं व्यवस्थित. जमलंच म्हणायचं.

मग ती म्हणाली, "काका, एकच शंका आहे. मॅपवर तुमचा पत्ता बघतेय, पण तिथं बिल्डिंग दिसतच नाही. शेत दिसतंय. नक्की बिल्डिंग आहे ना?"

मी समोर उभी राहून हातवारे करत होते, जुना फोटो म्हणा, नाना, जुना फोटो. त्यांची नजर स्क्रीनवरून हलेना.

"शेतच हाय ते," नाना म्हणाले. "इहिरीपाशी आंबा दिसतुया का तुमाला?"