ब्लँचर्डस्टाउनचं टेलिफोन एक्सचेंज

"मी ऐकत नाही वं, लाइन चालू आहे का तेवढं पाह्यते," असं म्हणून मावशी स्कॅनर कानाला लावायच्या आणि पुढचा तासभर घरातल्या कुणाचंही ऐकायच्या नाहीत.

मावशी म्हणजे आमच्या शेजाऱ्याची आई. अमरावतीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं ट्रंक कॉल जोडून निवृत्त झालेल्या. २०२० च्या फेब्रुवारीत महिनाभरासाठी इकडे परदेशात, ब्लँचर्डस्टाउनला लेकाकडे आल्या आणि लॉकडाउनमध्ये अडकल्या. तिकडे काका एकटे. लेकानं हौसेनं घेतलेला आणि आठवड्यात कंटाळून टाकलेला हातातला रेडिओ स्कॅनर, म्हणजे हवेतली बिनतारी बोलणी पकडणारं यंत्र, त्यांना कपाटात सापडला. झालं, बाई पुन्हा ड्युटीवर!

सर्च लावला की आकडे भराभर पळायचे आणि कुणी बोलताना सापडलं की थांबायचे. मावशी तो आकडा मेमरीत टाकून त्याला नाव द्यायच्या. एक टॅक्सीवाला 'बडबड्या', दुसरा 'खोकला'. जवळच्या दुकानातली पोरं वॉकीटॉकीवर बोलायची, ते चॅनेल 'किराणा'. मैद्याचा दुष्काळ होता तेव्हा. मैदा आल्याची वर्दी मिळाली की मावशी फोन करायच्या आणि आम्ही पाच मराठी घरं पिशव्या घेऊन पळायचो. ट्रॉली बाहेर यायच्या आत आम्ही रांगेत हजर. तिथला मॅनेजर आमच्याकडे फार संशयानं बघायचा.

तुम्ही म्हणाल, किती कामाची बाई! थांबा. एकदा कुंपणापलीकडून मला म्हणाल्या, "नवऱ्याले भांडी घासायला लावते ते बरोबर आहे, पण आवाज थोडा कमी ठेव." बाळाचं रडणं ऐकू यावं म्हणून त्याच्या खोलीत ठेवलेला माझा जुना मॉनिटर त्यांच्या सर्चमध्ये सापडला होता! मी लाजेनं अर्धमेली. "घाबरू नको, त्या चॅनेलला कुलूप लावलं मी, आता सर्च थांबत नाही तिथं," त्या म्हणाल्या. कुलूप नक्की कधी लावलं, ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

लेक दर आठवड्याला सांगायचा, "आई, शनिवारी स्पेशल विमान आहे, तिकिटाचं बघतो." त्या मान डोलवायच्या. अशाच एका शनिवारी मला म्हणाल्या, "सकाळपासून विमानतळ लावून बसली मी. चार विमानं गेली, आपल्याकडचं एकही नाही. खोटं बोलते तो."

"मग विचारा ना त्याला."

"राहू दे. मी रडीन म्हणून बोलते बिचारा."

मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात 'किराणा' खरखरला आणि त्या म्हणाल्या, "पळ, यीस्ट आलं."

सप्टेंबरात एकदाचं तिकीट मिळालं. लंडनमार्गे मुंबई, तिथे सात दिवस क्वारंटाइन, मग अमरावती. निघताना त्यांनी स्कॅनर माझ्या हातात दिला. "विमान उडालं की ह्यांना तू कळव. लेकावर माझा भरवसा नाही."

दुपारी मी मागच्या अंगणात बसून ऐकत होते. टॉवरनं त्यांच्या विमानाचा नंबर घेऊन उड्डाणाची परवानगी दिली. वैमानिकानं ती परत म्हटली, आणि मला एकदम रडू आलं. मैद्यासाठी नव्हे, खरंच त्यांच्यासाठी.

काकांना फोन लावला. "काका, उडाल्या मावशी."

पलीकडून कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला.

"मुंबईत सात दिवस ठेवतात न?"

"हो."

"म्हणजे प्रवास धरून आठ." काकांनी बोटं मोजली असावीत. मग हळूच म्हणाले, "घर आवराले पुरतील का वं?"