उल्हासचा उजवा कौल

खरं सांगू? मी उल्हासवर आयुष्यभर जळलो.

आज पहाटे तो गेला. वाटलं, आता तरी जळणं थांबेल. वाढलं.

सिरीयल संपताना ‘निर्माता’ म्हणून ज्याचं नाव यायचं, तो आमच्या सर्वण गावचा. तुम्ही नाव वाचायचात. मी नेमका तेव्हा पाणी प्यायला उठायचो.

जत्रेच्या नाटकात हिरो मी. हा पडदा ओढायचा, रुसलेल्या नटांना चहा-पाव देऊन समजवायचा. टाळ्या मला.
यालाच पुढे प्रोड्युसर म्हणतात, हे तेव्हा कोणाला ठाऊक!

गोवा राज्य झालं त्या वर्षी आम्हा दोघांनाही मुंबईला जायचं होतं. घरचे म्हणाले, आधी देवाचा कौल घ्या.
आमच्याकडे तसंच. देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या, देवळाचे पुजारी भटमाम गाऱ्हाणं घालणार. उजवी पडली तर जा. डावी पडली तर नको.

माझी डावी पडली.

दुसऱ्या दिवशी उल्हास एकटाच जाऊन आला. लांबूनच ओरडला, “उजवो रे, उजवो!”

तो गेला. मी खाणीच्या ऑफिसात चिकटलो.

कोकणी की मराठी म्हणून आम्ही इथे चहाच्या दुकानात भांडत बसलो, आणि या पठ्ठ्याने दोन्हीकडे काम काढलं. मुंबईत मराठी सिरीयल, पणजीत कोकणी टेलिफिल्म.
एकदा त्याचा पिक्चर सपशेल आपटला. मी त्या दिवशी मटण आणलं. हो, आणलं!
गडी पुन्हा उभा.

नवीन काम मिळालं की गावात यायचा, देवापुढे नारळ ठेवायचा आणि निघायचा. कौल मात्र परत कधी घेतला नाही. मी म्हणायचो, माज आलाय.

पण मनात एक समाधान होतं. त्याच्यात माझ्यापेक्षा जास्त काही नाही. देवाने त्याला दिलं, मला नाही, एवढंच.

दुपारी त्याच्या गावातल्या घरी गेलो. त्याची बायको पेडण्याची. तिलाही तेच म्हणालो, “वहिनी, कौल उजवा पडला त्याचा. नशीबवान माणूस.”

ती रडता रडता थांबली.

“भावजी, तुमका ठावक नाय? ह्येंका पण डावोच पडलेलो. घराकडे खोटां सांगान गेले. भटमामाच्या पायां पडले, कोणाक सांगू नका म्हणान. नारळ ठेवीत ते देवाची माफी मागूक.”

डावा. त्याचाही डावाच.

उल्हास, म्हणजे देवाने आपल्या दोघांना एकच उत्तर दिलं होतं.

इतकी वर्षं तुझ्या नशिबावर जळत होतो रे. ते सोपं होतं.
आता तुझ्या हिमतीवर जळायचं? या वयात?

देवाने तुला केव्हाच माफ केलं असेल. मी नाही करणार.

जा सुखाने. आज पडदा मी ओढतो.