गुरुवारची सलाईनवाली मंडळी

आम्ही नर्स लोक पेशंटचा ताप लिहितो, बीपी लिहितो. तो बोलला काय, ते कोणी लिहीत नाही. ते आमच्या डोक्यातच साठत जातं! बुऱ्हाणपूरच्या आमच्या वॉर्डात पोटाच्या कॅन्सरचे तिघं दर तीन आठवड्यांनी, गुरुवारी, इम्युनोथेरपीची सलाईन घ्यायला यायचे. त्यांचेच हे किस्से.

*

राजपुऱ्याचे गुरुजी, रिटायर मास्तर. डॉक्टर मॅडम त्यांना समजावत होत्या, "शरीरातली पेशी बिघडली की आपणहून मरते. कॅन्सरची पेशी मरायचंच विसरते. आपण तिला मरायची आठवण करून द्यायची."

गुरुजींनी आजूबाजूच्या खाटांकडे बघितलं. "मॅडम, जरा हळू. इथे भलत्यालाच आठवण व्हायची!"

*

वामनराव नेपानगरच्या पेपर मिलमधले जुने फिटर. त्यांना मॅडम म्हणाल्या, "कॅन्सर आपल्या प्रतिकारशक्तीला ब्रेक लावतो. हे औषध तो ब्रेक काढतं."

"आणि गाडी जास्तच पळाली तर?"

आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. "म्हणूनच सांगते. जुलाब, दम, पुरळ, काहीही झालं तर लगेच फोन!"

*

तिसरे आप्पा, असीरगडकडचे शेतकरी. सोबत त्यांची बायको, आमच्या काकू. दोन सलाईन झाल्या तरी आप्पांचे केस जागच्या जागी! काकू रोज ओढून बघायच्या. शेवटी रडवेल्या होऊन मला म्हणाल्या, "सिस्टर, शेजारणीच्या नवऱ्याचे तर सगळे गेले होते. यांना असर काहून होत नाही?"

"काकू, ते केमोत. या औषधानं सहसा केस जात नाहीत."

आप्पा डोकं चोळत म्हणाले, "औषधानं नाही, हिच्या हातानं जातील!"

*

चौथ्या वेळी आप्पा म्हणाले, "तब्येत एकदम फर्स्ट क्लास!" मागे उभ्या काकू मला चार बोटं दाखवत होत्या. विचारलं तर, चार दिवसांपासून जुलाब! सलाईन बंद होईल या भीतीनं लपवलेले.

मॅडमनी लगेच ॲडमिट केलं, सलाईन थांबवली, पळालेल्या गाडीला ब्रेक म्हणून स्टेरॉइड सुरू केलं. आप्पा काकूंवर भडकले, "तूच माझं औषध बंद पाडलं!"

काकूंनी ओआरएसचा ग्लास तेवढा पुढे केला. जुलाब थांबायला आठवडा गेला.

*

मग स्कॅन झाला. मॅडम रिपोर्ट वाचत होत्या. काकूंनी माझा हात धरलेला. आप्पांनी पोटातल्या गाठीचं विचारलंच नाही.

"मॅडम, यंदा केळी लावू का?"

मॅडम शहरातल्या. "किती दिवसांत येते?"

"वर्ष तरी पाहिजे."

मॅडमनी रिपोर्ट पहिल्या ओळीपासून परत वाचला. चष्मा काढला.

"लावा, आप्पा. फक्त खड्डे तुम्ही खणू नका!"