चार वर्षांचा अनवाणी नवस

महादेवाशी मी चार वर्षं खोटं बोलले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

गर्भपिशवीची कॅन्सरची गाठ काढताना डॉक्टरांनी जांघेतल्या रसगाठीही काढल्या. जीव वाचला. वर्षभराने उजवा पाय सुजायला लागला आणि सुजतच गेला. पायात उतरलेल्या पाण्याला वर चढायची वाट राहिली नाही, असं त्यांनी समजावलं. हा आजार सहसा पूर्ण जात नाही, सांभाळायचा असतो. रोज पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, पट्टी बांधायची आणि अनवाणी कधीच चालायचं नाही. एवढं सगळं ऐकून मी घरी आणलं ते फक्त 'जात नाही' एवढंच.

दिंद्रुडला आमचं किराणा दुकान आहे. पुढे मी बसायचे, ती हळूहळू आत पोत्यांमागे सरकले. बाजारातली एकही चप्पल पायात जाईना. ह्यांची चप्पल गुपचूप घालून बघितली, तीही अंगठ्यापाशीच अडली. एका सोमवारी शेजारणीने विचारलं, "कावून वैनी, पायात काईच न्हाई?" आता ही पाय बघणार, या धास्तीने माझ्या तोंडून निघून गेलं, "नवस हाय. महादेवाचा."

तेवढं पुरलं. हत्तीपाय म्हणून कुजबुजणाऱ्या बाया श्रावणात पाया पडायला लागल्या. मी साडी खाली ओढायची आणि डावा पाय पुढे करायची. हसू येण्यासारखंच आहे हे, पण मला कधी आलं नाही. भाचीच्या लग्नाला मी गेले नाही. दुपारी दार लावून पायाकडे बघत बसायची आणि तो माझा वाटायचाच नाही. ह्यांनी कधी वाकडा शब्द काढला नाही, पण पायाकडे बघणं सोडलं, ते जास्त लागलं. ज्या देवापुढे जगव म्हणून रडले होते, त्याच्याचपुढे आता मला ने म्हणून रडत होते.

गेल्या श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी धर्मापुरीच्या महादेवाच्या जुन्या मंदिरात गेले. खोट्या नवसाचीही लाज राखावी लागते, म्हणून एसटीतून उतरून मंदिरापर्यंत अनवाणीच चालले. वाटेत बाभळीचा काटा कधी रुतला, मला कळलंही नाही. त्या पायाला तसंही फारसं कळत नसे. रांगेत तीन-चार तास उभी राहिल्यावर हुडहुडी भरली. भिंतीला धरून बाहेर आले आणि केळीवालीच्या गाड्याशेजारी खाली बसले. पाय लाल होऊन तापला होता. मनात आलं, बरं झालं, इथेच संपू दे.

केळीवाली माझ्याच वयाची मुसलमान बाई होती. तिने न विचारता साडीचा काठ वर केला. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तो पाय उजेडात बघत होतं. नवस आहे म्हणून पुटपुटले. तिने काटा काढला, बाटलीतल्या पाण्याने पाऊल धुतलं आणि ओढणीच्या टोकाने एकेक बेचकी पुसायला लागली, अगदी डॉक्टरांनी सांगितली होती तशी. मग केळीचा रिकामा क्रेट ओढून पाय त्यावर ठेवला.

"माझी अम्मीबी असंच म्हणायची," ती खालच्या आवाजात म्हणाली. "दर्ग्याची मन्नत हाय, म्हणून अनवाणी. चप्पल बसत नव्हती तिला. असाच ताप चढला अन् गेली. तिला शेवटची आंघोळ घालताना आमी पाय बघितला, तवा कळलं."

मला रडू कोसळलं. गाडा शेजारच्याच्या हवाली करून ती माझ्यासोबत रिक्षात बसली, अंबाजोगाईच्या दवाखान्यापर्यंत आली आणि हे येईपर्यंत हलली नाही.

ह्यांना मी तिथेच खरं सांगितलं.  ते म्हणाले, "मला म्हायत होतं. माज्या चपलीचा पट्टा ताणलेला दिसला होता. पर तू देवाचं नाव घेतलंस, मी कसं मोडू?" चार वर्षं एकाच घरात आम्ही दोघं एकमेकांची लाज झाकत होतो, आणि पाय मात्र उघडाच राहिला.

ह्यांनी पायाचं माप देऊन रुंद पट्ट्यांच्या चपला शिवून आणल्या. पाय आहे तसाच आहे. मध्ये एकदा पुन्हा ताप येऊन गेला. शेजारणीला खरं सांगितलं, तर नवस मोडला म्हणून ती बोलायची बंद झाली. काही सकाळी पट्टी हातात घेतली की अजूनही सगळं नको वाटतं. तरी बांधते. पायाची सूज उतरू दे, असं आता मागत नाही. लपवायची बुद्धी देऊ नकोस, एवढं मागते.

दिवाळीच्या आधी आम्ही दोघं धर्मापुरीला गेलो. केळीवाली तिथेच होती, आता सीताफळं विकत. तुमच्या रूपाने देवच आला, असं काहीतरी मी बोलायला लागले, तर तिने मला थांबवलं आणि पट्टी रोज बांधता ना, एवढंच विचारलं.

मग पायरीशी वाकून मी चपलेचे पट्टे सोडले. सवय नव्हती, वेळ लागला, मागे लोक खोळंबले. पट्टी बांधलेल्या पायाने आत गेले. चार वर्षांनी देवाच्या दारात काढून ठेवायला माझ्याकडे चपला होत्या.