हंगामाआधीचे पेढे

न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला आम्ही राहायला गेलो तेव्हा आठवड्यातून एकदा लेटरबॉक्समध्ये एक फुकट पेपर पडायचा. कुणाचं मांजर हरवलंय, कुठल्या शाळेत केकविक्री आहे, असल्या बातम्या. मी तो बटाट्याची सालं काढताना ओट्यावर पसरायचे. एका ऑक्टोबरात मात्र खेळाच्या पानावर माझ्या लेकीच्या कॉलेजचं नाव दिसलं आणि बटाटे राहिले बाजूला. तिकडे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. आमच्या भागातल्या कॉलेजांच्या मुलींच्या सॉफ्टबॉल टीम यंदा कुठल्या क्रमाने येतील, याचा त्या पेपरच्या खेळवाल्याने अंदाज छापला होता. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचा भाऊबंद. चेंडू थोडा मोठा, मैदान थोडं लहान. हंगामातली एकही मॅच अजून झालेली नव्हती. आणि आमची टीम पहिली होती.

अंदाज हा शब्द मी वाचलाच नाही. मी वाचला तो आकडा. माझ्या लहानपणी पुण्यात निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात बोर्डात आलेल्या मुलांचे फोटो यायचे, शेजारी त्यांना पेढा भरवणारे आईवडील. मी काही कधी त्या पानावर गेले नाही, पण ते पान डोक्यात पक्कं बसलं होतं. छापून आलेला नंबर म्हणजे निकाल आणि निकाल म्हणजे पेढे. त्यात आणखी काही विचार करायचा असतो हे मला ठाऊकच नव्हतं.

मिल्क पावडर, कंडेन्स्ड मिल्क, लोणी, वेलची आणि मायक्रोवेव्ह. परदेशात आमचे पेढे असेच व्हायचे. नवरा वेलिंग्टनहून ट्रेनने घरी आला तेव्हा मी ताटभर पेढे वळून बसले होते.

"मॅच कधी झाली?" त्याने विचारलं.

"अजून नाही झाली. पण पहिल्या आल्यात."

"बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी," तो म्हणाला, दोन पेढे तोंडात टाकले आणि टीव्ही लावला. तो आयटीतला माणूस, प्रोजेक्ट वेळेवर संपेल यावरसुद्धा त्याचा विश्वास नसे. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी मुलींच्या प्रॅक्टिसला गेले. त्यांची कोच माओरी बाई होती, दणकट आणि हसरी. तिचं हसणं पार्किंगपर्यंत ऐकू यायचं. मी कात्रण दाखवलं तशी ती हसत सुटली. "वी हॅवन्ट प्लेड अ गेम यट, डार्लिंग!" मुलींनी मात्र डब्यावर झडप घातली. कोचने आपल्या वाटणीचा पेढा टिश्यूत गुंडाळला. हा मी फ्रीझरमध्ये ठेवणार, मार्चमध्ये हंगाम संपला की खाणार, म्हणाली. मला ते जरा अपशकुनीच वाटलं. हातात आलेला पेढा कुणी असा ठेवून देतं का? माझी लेक टोपी डोळ्यांवर ओढून बुटाची नाडी बांधत होती. नाडी आधीच बांधलेली होती, हे मला दिसलं होतं.

रविवारी दुपारी मी पुण्याला बाबांना फोन करायचे. डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, फोनकार्ड आणायचं, नाण्याने खरवडून त्यावरचा नंबर दाबायचा. आई गेल्यापासून बाबा एकटे होते. त्या रविवारी मी बातमी सांगितली आणि पुढच्या रविवारपर्यंत ती त्यांच्या सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिली गेली होती: आपल्या सभासदांच्या नातीचा न्यूझीलंडमध्ये प्रथम क्रमांक. त्यात अंदाज हा शब्द नव्हता, कारण मी तो फोनवरही सांगितला नव्हता.

तेव्हापासून दर रविवारी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "काय गं, नंबर टिकलाय ना?" मग मी फोन लेकीकडे द्यायचे. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं, आणि तिचं किवी इंग्रजी बाबांना फोनवर काही केल्या कळत नसे. त्यामुळे ती "हो आजोबा, बरी आहे आजोबा" एवढं म्हणायची आणि फोन परत माझ्या हातात.

पहिल्या काही मॅच त्या जिंकल्या. मी कॉलर ताठ करून फिरले. मग गाडी घसरली. पेपरने ज्यांना पहिलं ठरवलं त्यांना हरवायला प्रत्येकजण कंबर कसून येतो, हे मला कोण सांगणार? एका शाळेच्या मुलींनी तर तेच कात्रण आपल्या बाकामागे जाळीला अडकवलं होतं. लेक कॅचर होती. बॅटवालीच्या मागे उकिडवं बसायचं, तोंडावर लोखंडी जाळी, आणि येणारा प्रत्येक चेंडू झेलायचा. त्या मॅचला शेवटी तिच्या हातून एक चेंडू निसटला आणि समोरच्या टीमच्या मुलीने पळून रन काढली. हरलो.

गाडीत बसल्या बसल्या मी म्हणाले, "पेपरात काय छापून आलं होतं आणि तुम्ही काय करताय?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. माझ्या जिभेला हाड नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मी आणखी बरंच बोलले. घर येईपर्यंत बोलले. पुढच्या शनिवारपासून ती मैत्रिणीच्या आईच्या गाडीने जायला लागली. "इट्स ईझियर, आई." मला काय ते कळलं. तिला थांबवावं, सॉरी म्हणावं, असं वाटलं आणि तरी मी म्हणाले नाही. रागात होते. रागाच्या खाली लाज होती आणि ती लाज लेकीच्या खेळाची नव्हती, पुण्यातल्या त्या फळ्याची होती.

मार्चमध्ये हंगाम संपला. आमच्या मुली चौथ्या आल्या.

नंतरच्या शनिवारी मैदानावरच टीमची बार्बेक्यू पार्टी होती, आईवडिलांसकट. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करायचे. त्या शनिवारी मला सुट्टी होती, पण मी एका सहकारी बाईची ड्यूटी मागून घेतली. तिने काही बदली मागितली नव्हती. त्या आयांसमोर, ज्यांच्या मुलींपुढे मी ऑक्टोबरात डबा धरला होता, मला जायचंच नव्हतं.

संध्याकाळी लेक घरी आली ती उन्हाने नाक लाल करून, खुशीत. मी भाजी परतत होते. तिने सांगितलं की कोचने बर्फाच्या पेटीतून माझा तो पेढा काढला, सगळ्यांसमोर उभी राहिली, "दिस वन्स फॉर फोर्थ!" म्हणाली आणि खाल्ला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मग तिने विचारलं, व्हेअर्स युअर मम."

"तू काय सांगितलंस?"

"वर्क."

कढईतली भाजी करपली त्या दिवशी. मुली खेळायच्या आधी मी ताटभर पेढे केले होते. पाच महिने ऊनवाऱ्यात खेळून झाल्यावर माझ्याकडून त्यांना काही नव्हतं. तेवढा एक होता, तोही परक्या बाईने जपून ठेवलेला.

एवढ्यावर मी शहाणं व्हायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा नुकतेच चहा घेऊन बसलेले, आवाजात उत्साह. "काय गं, संपला ना हंगाम? नंबर टिकला?"

"हो बाबा. पहिल्या आल्या."

वाक्य तोंडातून गेलं आणि मी वळले तर लेक फ्रिजचं दार उघडं धरून उभी. दुधाची बाटली तिच्या हातात होती. मी फोन ठेवेपर्यंत ती तशीच थांबली.

"यू टोल्ड हिम वी वन."

"अगं, त्यांना कुठे काय कळतंय त्यातलं. म्हातारं माणूस आहे, आनंदात राहू दे."

"आय वॉज हॅपी विथ फोर्थ," ती म्हणाली. ओरडली नाही. दूध ग्लासात ओतलं, बाटली जागेवर ठेवली आणि खोलीत गेली. आरडाओरडा केला असता तर मला भांडता आलं असतं. भांडण मला जमतं. मी ओट्याशी उभी राहिले आणि मला स्वतःची शिसारी आली.

खरं सांगून टाकायला मला कितीतरी रविवार होते. पुढच्या वेळी सांगू म्हणत म्हणत अख्खा हिवाळा गेला आणि नोव्हेंबरात बाबा स्वतःच आमच्याकडे आले. ऑकलंडला विमान बदलून वेलिंग्टनला उतरले. आम्ही दोघी घ्यायला गेलो. गाडीत बसल्यावर ते जरा हिरमुसलेले दिसले.

"पेढे आणले होते गं हिच्यासाठी. आपल्या नेहमीच्या दुकानातले. ऑकलंडला विमानतळावरच्या साहेबाने कचऱ्यात टाकले. दुधाचं चालत नाही म्हणाला."

"बाबा, लपवून तरी..."

"लपवायचे कशाला? फॉर्मवर लिहिलं होतं मी. त्याला सांगितलं, माझी नात पहिली आली, तिचे आहेत. त्याने अभिनंदनही केलं. आणि मग टाकले." मग ते मागे वळले. "पण शाबास हं पोरी. पहिल्या आलात ना?"

मी आरशात पाहिलं. लेकही आरशातूनच माझ्याकडे बघत होती. आता ती सांगणार, असं मला वाटलं. सांगू दे, एकदाचं सुटेन, असंही वाटलं.

"हो आजोबा," ती मराठीत म्हणाली. "पहिल्या आलो."

खोटं बोलायची सवय नसलेली मुलगी ती. लहानपणी कप फुटला तर तुकडे हातात घेऊन सांगायला यायची. ते दोन शब्द तिने मला वाचवायला म्हटले होते. अप्पर हट येईपर्यंत समोरचा रस्ता मला धड दिसत नव्हता.

शनिवारी मॅच होती. त्या वर्षी पेपरने आमच्या टीमला कुठे ठेवलं होतं कोण जाणे, मी पेपर न उघडताच टाकला होता. बाबा घडीच्या खुर्चीत बसले, वाऱ्यामुळे माकडटोपी घालून. लेक इतक्या दिवसांनी पुन्हा आमच्या गाडीतून आली होती, ती बाबांसाठी. मॅच सुरू व्हायच्या आधी कोच हात मिळवायला आली. बाबांनी जुळवून जुळवून इंग्रजीत सांगितलं, लास्ट इयर ऑल्सो दे वेअर फर्स्ट, आय ॲम व्हेरी प्राउड.

"फर्स्ट?" ती गडगडाटी हसली. "ना, फोर्थ! गुड ॲज गोल्ड, बट. दोज गर्ल्स प्लेड देअर हार्ट्स आउट." तिने बाबांच्या पाठीवर थाप मारली आणि मुलींकडे निघून गेली.

मी थर्मासमधून चहा ओतला, थोडा गवतावर सांडला. बाबांनी कप घेतला, एक घोट घेतला.

"खोटं का सांगितलंस?"

"तुम्ही दर रविवारी नंबर विचारत होतात, बाबा."

"अगं, मग दुसरं काय विचारणार? त्या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. ती बोलते ते इंग्रजी कळत नाही. नातीशी बोलायला तेवढंच एक होतं माझ्याकडे."

फळ्यासमोर मान खाली घालावी लागेल म्हणून मी वर्षभर धास्तावले होते, आणि ते फक्त बोलायला काहीतरी शोधत होते. मधे मी बसले होते, दोघांचा फोन हातात धरून.

मॅच संपल्यावर लेक जाळी कपाळावर सरकवून आली. बाबा म्हणाले, "गेल्या वर्षी चौथ्या आलात म्हणे."

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. आता काय बोलायचं, आपलं काय ठरलंय, असं विचारणारी नजर होती ती. पोरीला मी हे शिकवलं, या विचाराने मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांग, असं मी मानेनेच सुचवलं.

"हो आजोबा. चौथ्या."

"बरं. मला ती जाळी दाखव बघू. म्हणजे तू विकेटकीपर ना?"

ती गवतावर त्यांच्या पायाशी बसली. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, उरलेलं हातवारे करून ती त्यांना चेंडू कसा ओळखायचा ते सांगू लागली. बाबांनी माकडटोपीवरच जाळी चढवून पाहिली आणि ती पोट धरून हसली. तिचं तसलं हसणं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. मी कप गोळा करून गाडीपाशी गेले.

बाबा परत गेल्यावर रविवारचा फोन तीच लावायला लागली. कार्डही स्वतःच आणायची. आधीच्या दिवशीच्या मॅचचं सगळं पुण्याला कळायचं. मला नवऱ्याकडून कळायचं किंवा कळायचंही नाही. एकदा धुतलेले कपडे घेऊन मी पॅसेजमधून जात होते, तिच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

"हरलो, आजोबा. पण हीप्स मजा, म्हणजे खूप मजा आली. ऐका ना, तो लास्ट बॉल..."

पुढचं ऐकायला मी थांबले. तिला माझी चाहूल लागली असावी. तिने आवाज खाली केला.