कुळथाची पिठी आणि मामाचं भाकीत

आज शेजारी कुणीतरी कुळीथ भाजत होतं आणि त्या खरपूस वासाने मी थेट महाडच्या आमच्या स्वयंपाकघरात पोचले. तेव्हा मी जर्मनीला शिकायला निघाले होते. नोकरी करून साठवलेले पैसे तिथे वर्षभर पुरावेत, बाहेर खाण्यात उडू नयेत, म्हणून आई सोबत द्यायला कुळीथ भाजून पिठीचं पीठ करत होती.

समोर मामा चहा ढोसत बसला होता. "पिठी खाऊन परदेशात राहणार? तीन महिन्यांत रडत परत येशील."

"आली तर माझ्या घरी येईल," आई म्हणाली. "तुला कसला घोर?"

मी मात्र हादरले होते. तिकीट रद्द करावं, असंही वाटलं.

वर्ष नीट काढून परतले, तेव्हा चॉकलेटं मागायला मामाच पहिला हजर. पोलादपूर सोडून घाट लागला की ओकणारा हा माणूस, आणि परदेशाबद्दल मी त्याचं ऐकून घाबरले होते!