दोन खुर्च्या आणि एक स्टूल

कराडच्या स्टँडवर मी मगदूम सर करून दाखवत होतो. मान जराशी तिरकी, चष्मा कपाळावर, आणि तो लांबवलेला हुंकार, "हं... पुढं?" चहाच्या गाड्याजवळची आमची पोरं हसून बेजार. तेवढ्यात फोन वाजला. साताऱ्याहून घोरपडे मॅडम. "कुठपर्यंत आलास?" म्हटलं, कराड. त्या म्हणाल्या, "परत फिर. सांगलीला जा. मगदूम सर गेले रे... सकाळी, झोपेतच." पोरं मागून ओरडत होती, "आरं, पुन्यांदा कर की!" मला समोरच्या एसटीची पाटी वाचता येईना.

मी पलूसचा. शाळेत मार्कांपेक्षा मास्तरांच्या नकलांसाठी प्रसिद्ध. असलं पात्र पीएचडीला कसं लागलं, हे आमच्या घरात अजून कुणाला कळलेलं नाही. विषय आमच्याच नदीकाठचा, क्षारपड रानं. उसाला पाणी पाजून पाजून जमिनीवर पांढरं मीठ फुलतं आणि हळूहळू रान वाया जातं. यात निम्मी माती आणि निम्मी माणसं, म्हणून गाइडही दोन. सांगलीचे मगदूम सर मातीचे, साताऱ्याच्या घोरपडे मॅडम समाजशास्त्राच्या. दोन शास्त्रांचा संगम, असं प्रवेशाच्या वेळी छान सांगितलेलं. संगमात माणूस बुडतोसुद्धा, हे कुणी बोललं नव्हतं.

सांगलीत लोक म्हणायचे, "गावकऱ्यांच्या गप्पा कशाला? आकडे दाखव." साताऱ्यात म्हणायचे, "आकडे झाले, माणसं कुठायत?" मग मी मला जमतं तेच केलं. सांगलीत सरांसारखं बोलायचं, साताऱ्यात मॅडमसारखं. इकडे मातीचा सामू आणि क्षारता, तिकडे सत्तासंबंध आणि संरचना. दोन्हीकडं माना डोलायच्या. मला वाटलं, जमलं की राव!

एका दुपारी सरांच्या घरी, ते आत गेलेले बघून मी काकूंना सरांची नक्कल करून दाखवली. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि दारात सर उभे. आता मेलो, म्हटलं. सर म्हणाले, "झ्याक करतोस की. आता मॅडम कर." वेताच्या खुर्चीवर मला बसवलं आणि माझंच प्रकरण हातात दिलं. "ह्या पानावर त्या काय इचारतील? इचार." मी मॅडमच्या आवाजात विचारलं. मग स्वतःच्या लाकडी खुर्चीत बसवलं. "आता माझ्यावानी उत्तर दे." दिलं. लय मजा आली. मग त्यांनी माळ्यावरचे डबे काढायचं काकूंचं स्टूल पायानं पुढं सरकवलं.

"आता हितं बस. आता तू बोल."

बसलो. प्रकरणाचे कागद खालीवर करत राहिलो.

"व्हय रं," सर म्हणाले, "आमा दोघांची नक्कल चांगली हाय. पण प्रबंधावर नाव तुझं येणार न्हवं?"

तेव्हापासून शनिवारी तीच पद्धत. दोन खुर्च्या, मग स्टूल. सर जैन, सूर्यास्ताच्या आत जेवणारे. खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरलं की आतून काकू, "आवं, ऊन उतरलं. पानं घेऊ का?" मग वाक्य अर्धं राहिलं तरी बैठक बंद. मी लबाड. खुर्च्यांवरच्या नकला लांबवत न्यायचो, म्हणजे स्टुलाची पाळी येईपर्यंत काकूंची हाक यायची. सरांनी ओळखलं होतं. "सूर्याच्या भरवशावर पीएचडी हुत न्हाई, गड्या."

अडचण माझ्या एकट्याची नव्हती, हे मात्र मला सरांकडं बघून कळलं. इतकी वर्षं माती शिकवलेला माणूस मॅडमनी दिलेली पुस्तकं शाळकरी पोरासारखी पेन्सिल घेऊन वाचायचा. अडलं की फोन. "मॅडम, ही संरचना मला रानात उभं राहून दाखवता का?" आणि मॅडम खरंच आल्या. चिखलात त्यांची एक चप्पल रुतली, ती सरांनी माती काढायच्या खुरप्यानं उकरून दिली. दोघंही आपल्या विषयातले जाणते, पण दुसऱ्याच्या बांधावर अडखळत चालले होते... आणि लाजत नव्हते. लपत होतो तो मीच.

शेवटच्या शनिवारी सरांनी खुर्च्या बाजूला केल्या. थेट स्टूल. मी बसलो. नक्कल करायची नाही, एवढंच ठरवलं होतं. बोलायला काही नव्हतं. आतून काकूंची हाक आली. सर पहिल्यांदाच म्हणाले, "थांब जरा." खिडकीतलं ऊन गेलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, परत गेल्या. सर माझ्याकडं बघत बसले, मी जमिनीकडं. अंधारल्यावर ते उठले. "असू दे. पुढच्या शनवारी." त्या दिवशी ते उपाशी झोपले... माझ्यामुळं. आणि पुढचा शनिवार आलाच नाही.

मागच्या आठवड्यात साताऱ्यात प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण झालं. हे नापास झालं असतं तर सगळं नव्यानं करायचं होतं. मातीवाल्या तज्ज्ञांनी विचारलं, "यात शास्त्र कुठाय?" घशात मॅडमचा आवाज आला होता, तो गिळला. मग सांगितलं, "मगदूम सर नेहमी विचारायचे, मीठ कुठल्या रानात जास्त? मॅडम विचारतात, ते रान कुणाचं? मी दोन्हीची उत्तरं दोन वेगळ्या प्रकरणांत ठेवली होती. शेजारी ठेवून बघितलीच नव्हती. आता बघितली. मीठ साठतं ते खोलगट रानात. आणि आमच्या गावात खोलगट रान वाटणीत कुणाला आलंय? फौजेत असलेल्या भावाला, विधवा वहिनीला. वाटणीच्या दिवशी जे बोलायला नव्हते किंवा ज्यांना कुणी बोलू दिलं नाही, त्यांना." दोन्ही बाजूंनी भरपूर दुरुस्त्या सांगितल्या. पण पुढं जायला परवानगी मिळाली. मॅडम नुसत्या चष्मा पुसत राहिल्या.

तिथनं थेट सांगली. काकूंना सगळं सांगितलं, आणि त्या रात्री सर उपाशी झोपल्याचंही काढलं. काकू म्हणाल्या, "उपाशी झोपले, पण खुशीत हुते रं. म्हणाले, पोरगं आज नक्कल न करता गप बसलं. आता बोलंल."

खोलीत दोन्ही खुर्च्या तशाच होत्या. मी स्टुलावर बसलो होतो.

"एकदा त्यांच्यावानी बोल की," काकू म्हणाल्या.

नको वाटत होतं. पण मान तिरकी केली. "हं... पुढं?"

काकूंनी भिंतीकडं बघितलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"आवं, ऊन उतरलं. पानं घेते."